गेम खेळताना कॉम्प्युटर बंद पडला, एवढ्यावरून ग्राफिक्स कार्ड गेले असे ठरत नाही

घरच्या कॉम्प्युटरविषयी एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर हातोहात फिरत आहे; माझ्याकडेच तो चार वेगवेगळ्या जणांकडून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गेम खेळतानाच कॉम्प्युटर बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेले आहे; तापमान ७० अंशांच्या वर गेले की यंत्र स्वतःला बंद करते, म्हणून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्यावरच्या कूलरकडे नेणारा लेप) बदलावी; रॅम खराब असती तर कॉम्प्युटर सुरूच झाला नसता, म्हणून तिकडे पाहण्याची गरज नाही; एवढ्याने भागले नाही तर फॉरमॅट मारावा (सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावे), पेज फाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) बंद करावी, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) टीडीआरची मुदत, म्हणजे अडकलेल्या कार्डाची विंडोज वाट पाहते तो वेळ, वाढवावी; आणि तरीही बंद पडला तर नवे कार्ड घ्यावे. यातला एखादा उपाय कधीमधी लागू पडतो, हे मला मान्य आहे. पण ज्या खात्रीने तो सांगितला आहे, त्या खात्रीपोटी लोक हजारो रुपये घालवतात आणि बिघाड जागच्या जागी राहतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

“गेम खेळतानाच बंद पडतो, म्हणजे कार्ड गेले.” गेम सुरू झाला की कार्डावर ताण येतो हे खरे, पण तो एकट्या कार्डावर येत नाही. ब्राउझर उघडा असताना जेमतेम ८० वॉट ओढणारे यंत्र गेममध्ये ४०० वॉटच्या पुढे जाऊ शकते, आणि तो भार एसएमपीएस (भिंतीची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा), मदरबोर्डवरून प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, प्रोसेसर, रॅम आणि कॉम्प्युटर ज्या यूपीएसला लावला आहे तो यूपीएस, या सगळ्यांवर एकदम पडतो. गेममध्ये बंद पडणे यावरून एवढेच कळते की यांपैकी कोणीतरी ताण सोसू शकत नाही. कोण, ते कळत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे आहे. अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनवलेले गेम सुरू करताना, विशेषतः शेडर (चित्र कसे रंगवायचे याच्या कार्डासाठीच्या सूचना) तयार होत असताना, अनेकांना “व्हिडिओ मेमरी संपली” अशा अर्थाची त्रुटी दिसत होती आणि गेम बंद पडत होता. २४ जीबी मेमरीची कार्डे असलेल्यांनाही हीच त्रुटी येत होती, आणि संदेशात कार्डाचेच नाव असल्यामुळे लोक कार्डाकडे बोट दाखवत होते. दोष प्रोसेसरमध्ये होता. शेडर तयार करताना दाबून लहान केलेला (कॉम्प्रेस केलेला) डेटा उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो, त्यात त्याच्याकडून चूक होत होती आणि त्या चुकीचा परिणाम पुढे चुकीच्या नावाने पडद्यावर येत होता. जुलै २०२४ मध्ये इंटेलने जाहीर केले की मायक्रोकोडमधील (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधील) दोषामुळे हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे सुधारित मायक्रोकोड बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) अपडेटमधून आले, आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवण्यात आली. हे अपडेट पुढची झीज रोखतात. आधीच झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. तेव्हा ज्यांच्याकडे या पिढीचा आय७ किंवा आय९ आहे, त्यांनी कार्डाला हात लावण्याआधी बायोस कोणत्या तारखेचा आहे ते पाहावे.

“७० अंशांच्या वर गेले की यंत्र बंद होते, पेस्ट बदला.” हा आकडा कुठून आला ते संदेशात लिहिलेले नाही, आणि तो चूक आहे. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवलेले आहेत. शिवाय मर्यादा गाठली की प्रोसेसर काय किंवा कार्ड काय, आधी आपला वेग उतरवतात. खेळणाऱ्याला ते गेम अडखळू लागल्यावर जाणवते, आणि बंद पडणे ही त्याच्या पुष्कळ पुढची पायरी असते. अर्धा-पाऊण तास गेम नीट चालला, मग अडखळू लागला, पंखे घोंघावू लागले आणि मग यंत्र बंद पडले, तर उष्णतेचा संशय रास्त आहे. तेव्हा कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढावी, पेस्टही बदलावी. मात्र गेम सुरू करून दहा सेकंदांत, गार यंत्रावर, क्षणात सगळे काळोखे होत असेल, तर पेस्टची नळी विकत आणून काही साधणार नाही. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम तापमानाची नोंद फाइलमध्ये लिहून ठेवतो. यंत्र बंद पडण्याआधीची शेवटची ओळ वाचली की या मुद्द्याचा निकाल लागतो.

संदेशात विजेबद्दल एक अक्षर नाही, आणि माझ्या मते त्याचा हाच सर्वांत मोठा दोष आहे. त्यासाठी घरातलेच उदाहरण सांगतो. नाशिकला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा कॉम्प्युटर गेल्या उन्हाळ्यात गेम खेळताना बंद पडू लागला. दुकानदाराने आधी पेस्ट बदलली, मग फॉरमॅट मारला आणि शेवटी कार्ड गेल्याचे सांगितले; ताई नव्या कार्डाचे पैसे भरायला निघाली होती. मी त्याला फोनवर एकच विचारले, “बंद पडतो तेव्हा मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ असे येते, की मॉनिटरचा दिवाही जातो?” तो म्हणाला, “मामा, दिवाही जातो. आणि खालून टक् असा आवाज येतो.” कार्ड मेले तर मॉनिटरचा दिवा जाण्याचे काही कारण नाही. मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही ज्या यूपीएसला लावले होते, त्याच्या मागे ६०० व्हीए असे लिहिलेले होते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ३६० वॉट. त्याचे कार्ड २२० वॉटचे, प्रोसेसर १४२ वॉटपर्यंत जाणारा. एवढ्यातच बेरीज ३६२ होते, आणि अजून मदरबोर्ड, डिस्क, पंखे, मॉनिटर राहिलेच. संध्याकाळी सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली यायचे, यूपीएस बॅटरीवर जायचा, भार पेलवायचा नाही आणि तो सगळेच तोडून टाकायचा. अभ्यास करताना हेच व्हायचे, पण तेव्हा भार ८० वॉटचा, म्हणून कोणाच्या लक्षात यायचे नाही. दोन संध्याकाळी कॉम्प्युटर थेट भिंतीच्या प्लगला लावून खेळायला सांगितले. एकदाही बंद पडला नाही. १००० व्हीएचा यूपीएस आणला, आणि तेच कार्ड आजही चालू आहे.

यूपीएस मोठा असला तरी एसएमपीएस तपासावा लागतोच. डब्यावर ठळक छापलेल्या वॉटकडे पाहू नये. बाजूच्या लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघेही त्याच रेषेवर जगतात. तिथे २५ अँपिअर असतील तर हाती ३०० वॉटच येतात, डब्यावर ४५० लिहिलेले असले तरी. ८० प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. अचानक आलेला झटका एसएमपीएस सोसेल की नाही, ते त्यातून कळत नाही. आधुनिक कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरते आपल्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास वीज ओढू शकते, आणि तेवढ्याने एसएमपीएस स्वतःच्या संरक्षणासाठी वीज तोडू शकतो. या झटक्यांची दखल घेऊनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसने क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत पेलावा अशी अट आली. कार्डाला ८ पिनांच्या दोन जोडण्या असतील तर एकाच वायरीची दोन टोके न लावता दोन वेगळ्या वायरी लावाव्यात. या जोडणीची ठरलेली मर्यादा प्रत्येकी १५० वॉट आहे. एवढे करायला एक पैसाही लागत नाही.

याच ठिकाणी एका जोडसमजुतीचेही उत्तर देतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत “कर्नल-पॉवर ४१” दिसले की एसएमपीएस बदला, असे काही जण सांगतात. ही नोंद विंडोज पुन्हा सुरू झाल्यानंतर लिहिते आणि तिचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (विंडोजच्या त्रुटीचा क्रमांक) शून्य असेल तर निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर दिसणारा) नोंदला गेला नाही, म्हणजे वीज गेली, यंत्र गोठले किंवा कोणी रीसेटचे बटण दाबले. कोड शून्य नसेल तर निळा पडदा आला होता आणि तपासाची दिशा बदलते. तिच्या आसपास “व्हिआ-लॉगर” (WHEA-Logger) नावाची नोंद असेल तर हार्डवेअरनेच चूक कळवलेली असते, आणि तिथे प्रोसेसर, त्याचे व्होल्टेज आणि रॅम यांच्याकडे आधी पाहावे.

“रॅम खराब असती तर कॉम्प्युटर सुरूच झाला नसता.” रॅमची पट्टी पूर्ण मेली तर तसे होते. पण रॅमचा नेहमीचा बिघाड असा ढळढळीत नसतो. एखादा बिट कधीतरी उलटतो, आणि गेम काही जीबी डेटा एकदम आत-बाहेर करत असल्यामुळे तो उलटलेला बिट गेममध्येच गाठला जातो. त्यातही पट्टी चांगली असून तिचा वेग झेपत नसल्याची शक्यता मोठी असते. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी तयार मांडणी) चालू करणे हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणेच आहे, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. रायझेन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे आणि चार पट्ट्या लावल्या तर ३६०० पर्यंत उतरतो, तरी ६००० च्या पट्ट्या सर्रास विकल्या जातात. नंतर कोणीतरी आणखी दोन पट्ट्या टाकतो, आणि तिथून गेम बंद पडायला लागतो. एक्सएमपी बंद करून दोन दिवस खेळून पाहणे हा या सगळ्या तपासातला सर्वांत स्वस्त प्रयोग आहे, आणि मी तो नेहमी पहिला करायला सांगतो. त्यानंतर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक दिसली तर रॅम किंवा तिची मांडणी सदोष धरावी. “एकच तर आहे” म्हणून सोडून देऊ नये. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसण्याची आपल्याकडची पद्धत दात काळे पडले असतील तर उपयोगी आहे, पण वेगाचा प्रश्न तिने सुटत नाही.

“फॉरमॅट मारा.” या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो, कारण तो पुरावाच पुसून टाकतो. निळा पडदा येऊन गेला असेल तर विंडोजच्या फोल्डरमधील मिनिडंपमध्ये त्याची फाइल असते; रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये कोणत्या दिवशी काय बंद पडले याचा दिवसवार तक्ता असतो, आणि बिघाड ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी एखादा ड्रायव्हर (कार्डासारखा भाग विंडोजला चालवू देणारा प्रोग्रॅम) बदलला होता का, हे त्यात एका नजरेत दिसते. दोष ड्रायव्हरचा असेल तर जुना ड्रायव्हर परत टाकून पाहता येतो, त्यासाठी घरातले फोटो आणि कामाच्या फाइली पणाला लावायचे कारण नाही. एकच गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतो आणि बाकीचे गेम तासन्‌तास चालतात, अशा वेळी त्या गेमच्या फाइली तपासून पाहणे पुरते. विंडोज पुन्हा टाकण्याची वेळ क्वचित येते, आणि ती सगळ्यांत शेवटी यावी.

टीडीआरबद्दल थोडक्यात. कार्डाने २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि ४१०१ क्रमांकाची नोंद ठेवते. ही मुदत १० सेकंद केली तर अडकलेले कार्ड सुटत नाही, तुम्ही गोठलेल्या पडद्याकडे आणखी ८ सेकंद पाहत बसता. पेज फाइल बंद करणे तर उलट अपायकारक आहे : रॅम १६ जीबी असली आणि गेमच्या जोडीला ब्राउझर उघडा असला, की मेमरीची मागणी त्यापलीकडे सहज जाते, आणि पेज फाइल नसेल तर गेम तिथेच कोसळतो. ती विंडोजच्या स्वाधीन ठेवावी.

“तरीही बंद पडला तर नवे कार्ड घ्या.” नवे कार्ड बहुधा जुन्यापेक्षा जास्त वीज मागते, आणि दोष एसएमपीएस किंवा यूपीएसचा असेल तर ते घेतल्यावर यंत्र आधीपेक्षा लवकर बंद पडते. कार्डे खरोखरच जातात. पडद्यावर रंगीत चौकोन आणि रेघा उमटणे, डेस्कटॉपवरसुद्धा चित्र फाटणे, ही त्यांची लक्षणे असतात, आणि ती दिसली तर माझाही संशय कार्डावरच जाईल. पण पैसे भरण्याआधी ते कार्ड काढून, चांगला एसएमपीएस असलेल्या मित्राच्या कॅबिनेटमध्ये बसवावे आणि जो गेम घरी बंद पडतो तोच तिथे तासभर खेळावा. तिथेही बंद पडला तर कार्ड बदलावे. तिथे नीट चालला तर ते परत आणून आपल्याच यंत्रात बसवावे, आणि एक्सएमपी बंद करून, यूपीएस बाजूला ठेवून तपास पुढे चालू ठेवावा.