'कन्व्हल्शन' लिहिलंय म्हणजे फेफरंच का?

"मुलाच्या कागदावर 'कन्व्हल्शन' लिहिलं असेल तर ते फेफरं समजा. जन्मभर जात नाही. झटका आला की दातांत चमचा घाला, कांदा हुंगवा." हा मेसेज घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे. भाचीच्या मुलाला तापात आकडी आली, त्या रात्री तिला तो तिघांनी पाठवला. ताप उतरला, पण तिचं रडणं थांबेना. "मावशी, आता याचं कसं होणार?" एवढंच ती विचारत होती.

आधी शब्द पाहू. मूळ लॅटिन, अर्थ जोरानं हिसडणं, उपटणं. स्नायू आपल्या ताब्यात न राहता एकाएकी आवळतात, सुटतात, पुन्हा आवळतात, ते कन्व्हल्शन, आपली आकडी. शरीराला काय झालं एवढंच हा शब्द सांगतो, कशामुळे झालं ते नाही. इंग्रजीत तर हसून मुरकुंडी वळलेल्या माणसालाही हेच क्रियापद लावतात. आकडीची कारणं अनेक: साधारण ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांत ताप, रक्तातली साखर किंवा सोडियम उतरणं, मेंदूज्वर, गरोदरपणी वाढलेला रक्तदाब. असं तात्कालिक कारण नसताना झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर डॉक्टर अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, विचार करतात. उलट अपस्मारात दरवेळी अंग झटकतंच असंही नाही. वर्गात काही सेकंद शून्यात बघणारं मूल 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातं, तोही कधी कधी झटकाच असतो.

'जन्मभर' हेही खोटं. तापातली आकडी बहुतेक मुलांत वयाबरोबर थांबते. अपस्मार असला तरी योग्य औषधांनी सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहातली अडचण होती. १९९९ मध्ये ती तरतूद काढून टाकली. कायद्यानं सोडलेला शिक्का आपण एका इंग्रजी शब्दावरून लहान लेकरावर मारतो, याचा मला संताप येतो.

चमच्यानं दात तुटतात, श्वास अडकू शकतो. जीभ गिळली जात नाही. कांद्यानं काहीही होत नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळतं. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटं उलटली तर थेट दवाखाना गाठा. पहिलीच आकडी असेल तर ती थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, "ही कशामुळे आली?"