नोकरी लागली, पण टिकणार कशी? दिव्यांग मुलांच्या आईबाबांसाठी आणि कंपन्यांतल्या मित्रमैत्रिणींसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन सुरू होतो. कोणी सावनेरहून, कोणी उमरेडहून, कोणी इथलेच, नागपुरातल्या मानेवाड्याचे. "ताई, तुम्ही स्वतः पोलिओवाल्या असून इतकी वर्षं नोकरी करून राहिल्या, आमच्या पोराला काही सांगा ना." मी आनंदाने बोलते, कारण मला बारावीनंतर असं सांगणारं कोणी नव्हतं. पण दरवर्षी एक गोष्ट मनाला लागते. फोन येतो तेव्हा घरात सगळं आधीच ठरलेलं असते. बीए कर, जमलं तर डीएड कर, मग अभ्यासिका लाव आणि सरकारी नोकरीचे फॉर्म भरत राहा, चार टक्के आरक्षण आहे, कधी ना कधी लागून जाईल. त्या पोराला गणित आवडते का, त्याचा हात सफाईचा आहे का, माणसांशी बोलायला त्याला बरं वाटते का, हे कोणीच विचारलेलं नसते.

सरकारी नोकरीच्या विरोधात मी अजिबात नाही. आरक्षण भांडून मिळालेलं आहे. 1995 च्या कायद्यात ते 3 टक्के होतं आणि अपंगत्वाचे प्रकार फक्त 7. 2016 चा कायदा आला, एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यात प्रकार 21 झाले आणि आरक्षण 4 टक्के. त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टीवाल्यांना, एक कर्णबधिरांना, एक माझ्यासारख्या हातापायाच्या अपंगत्वाला, आणि एक ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, बहुविकलांग अशा सगळ्यांना मिळून. म्हणजे हजार जागा असल्या तर कर्णबधिरांच्या वाट्याला दहा, आणि तयारी करणारी पोरं किती ते तुम्हीच पाहा. वर आपल्या राज्यात दिव्यांगांना वयाची अट 45 पर्यंत शिथिल आहे. सवलत चांगलीच आहे, पण त्यामुळे होते असं की पोरगा पस्तिशी ओलांडेपर्यंत अभ्यासिकेत बसून राहतो, घरचे म्हणतात अजून दहा वर्षं आहेत ना, आणि या सगळ्या काळात त्याला एका दिवसाचाही कामाचा अनुभव मिळत नाही. मग चाळिशीत खाजगीत जावं म्हटलं तर बायोडेटा कोरा. मला याचं फार वाईट वाटते, कारण ही हुशार पोरं असतात.

2018 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी झाली होती. त्यात 15 वर्षांवरच्या अपंग व्यक्तींपैकी काम करणारे आणि काम शोधणारे, दोन्ही धरून, शंभरात 24 सुद्धा भरले नाहीत, 23.8 टक्के. बाकीच्यांनी शोधणंही सोडलेलं किंवा कधी सुरूच केलेलं नाही. आणि त्या वयातले दहावी किंवा त्याच्या पुढे शिकलेले फक्त 19.3 टक्के. म्हणजे गळती नोकरीच्या दारात सुरू होत नाही, शाळेपासूनच होते.

आता रोजगार मेळाव्यांबद्दल. मेळावे व्हावेतच, पण मेळाव्यात मोजलं काय जाते? किती जण आले, किती जणांना पत्रं दिली, फोटो. सहा महिन्यांनी त्यातले किती जण त्याच जागेवर आहेत हे कोणी मोजताना मी तरी पाहिलं नाही. माझ्या ओळखीतला एक कर्णबधिर मुलगा असाच एका गोडाऊनमध्ये लागला. काम चोख, पॅकिंगमध्ये त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण सुपरवायझर मागून आवाज देऊन सूचना द्यायचा. याला ऐकू यायचं नाही, मग तो चिडायचा, बाकीचे हसायचे. महिनाअखेरीला रजेचा काहीतरी नियम बदलला, मीटिंगमध्ये सगळ्यांना तोंडी सांगितला, याला कोणी सांगितलाच नाही, आणि पगार कापल्यावर याला कळलं. पोरगा घरी बसला. घरचे म्हणाले त्याला जमलं नाही. अहो, जमत तर त्याला उत्तम होतं!

यावर लोक पटकन म्हणतात, मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यायचं ना. द्याच, पण एक गोष्ट समजून घ्या. जन्मापासून ज्याने भाषा ऐकलीच नाही त्याला लिहिलेलं मराठी पण आपल्यासारखं सहज येत नाही, त्याची खरी भाषा खुणांची. लांबलचक मेसेज पाठवला तर तो मान हलवतो आणि अर्धंच समजतो. छोटी वाक्यं लागतात, फोटो लागतात, एकदा करून दाखवावं लागते. आणि सोबतच्या दोन-तीन जणांनी रोजच्या कामापुरत्या तीस-चाळीस खुणा शिकून घेतल्या तर चित्र बदलते. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र आहे, 2015 मध्ये सुरू झालं, त्यांचा 10,000 शब्दांचा कोश 2021 पासून फुकट पाहता येतो, व्हिडिओसकट. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शिकता येते, एक रुपया लागत नाही.

मला स्वतःचं पण सांगायचं आहे. माझ्या पहिल्या ऑफिसात टॉयलेट दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, घालून दोन जिने चढायला नको म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायची नाही, मे महिन्यात, नागपुरात. किडनीचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टर रागावले. मग एका सहकारी ताईंनी माझ्या वतीने मालकांशी बोलून खालच्या दुकानाच्या टॉयलेटची चावी मिळवून दिली. बस, एक चावी. तिच्यामुळे माझी नोकरी टिकली. कायद्यात यालाच वाजवी सोय करून देणं म्हणतात, आणि बहुतेक वेळा ती सोय इतकीच लहान असते.

अंध मुलांचं तर अजूनच. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारा प्रोग्राम, दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 मध्ये सुरू केला, तो अगदी मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. पोरं त्यावर एक्सेल करतात, मेल करतात, कोडिंग पण करतात. अडते कुठे? जाहिरातीची पीडीएफ म्हणजे कागद स्कॅन करून टाकलेला फोटो, त्यात स्क्रीन रीडरला एक अक्षर सापडत नाही. किंवा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत नाही, तर मग मराठीच्या जागी काहीही अर्थहीन ऐकू येते. म्हणजे नोकरी अंधांसाठी राखीव, आणि तिची जाहिरात अंध माणसाला स्वतः वाचता येत नाही. हे दुरुस्त करायला कोणता निधी लागते सांगा? टाइप करणाऱ्याला फक्त युनिकोड वापरायला सांगायचं आहे.

प्रांजल पाटील यांचं नाव बऱ्याच जणांना माहीत आहे. उल्हासनगरची मुलगी, 2016 मध्ये यूपीएससीत 773 वा क्रमांक आला, रेल्वेची लेखा सेवा मिळाली, आणि पूर्ण अंध म्हणून रेल्वेने घेतलं नाही. 2017 मध्ये त्या 124 व्या आल्या आणि आयएएस झाल्या. सगळे ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला मात्र त्यातला रेल्वेचा नकार जास्त महत्त्वाचा वाटते, कारण दुसऱ्यांदा 124 वा नंबर काढणं सगळ्यांना शक्य नसते, आणि एका नकारानंतर गप्प बसलेल्या पोरांची नावं आपल्याला कधी कळतच नाहीत.

मेट्रोने आपल्याकडे खूप फरक पडला हे मनापासून सांगते, लिफ्ट आहे, चढउतार नाही, व्हीलचेअरवाली मुलगी एकटी सीताबर्डीहून खापरीला जाऊ शकते. पण खापरी स्टेशनवरून मिहानच्या, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या वसाहतीच्या, आत तिच्या ऑफिसपर्यंत? तिथे रोजचा ऑटो करावा लागते आणि सुरुवातीच्या पगारातला मोठा हिस्सा त्यातच जाते. कंपन्यांच्या बस आहेत, त्यांच्या पायऱ्या उंच.

आणि बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीत मशीनवर ज्यांची बोटं, हात जातात त्यांना तर आपण या चर्चेत धरतच नाही. सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कायद्याने काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागते. खाजगीत हे संरक्षण नाही. ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, पेन्शन मिळेल, पण बत्तीस वर्षांच्या माणसाला पेन्शनसोबत कामही हवं असते ना, पुन्हा शिकायला कोणीतरी मदत करायला हवी.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आयांबद्दल वेगळं लिहीन, ते एका परिच्छेदात मावणारं नाही. एवढंच सांगते, विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते, कार्यशाळांमध्ये जागा मोजक्या, आणि या मुलांना कामावर सुरुवातीचे काही महिने सोबत उभं राहून शिकवणारा माणूस लागते. तो मिळाला तर ती मुलं वर्षानुवर्षं एकही खाडा न करता काम करतात, मी पाहिलं आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात कामातून माणूस उभा राहतो हे आपल्या विदर्भाने कधीचंच पाहिलं आहे, शहरातल्या कारखान्यांना ते अशक्य काहून वाटावं?

आता कंपन्यांत काम करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती. 2016 च्या कायद्याचं कलम 21 वाचा. प्रत्येक आस्थापनेला, खाजगी सुद्धा, समान संधी धोरण जाहीर करावं लागते. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांना योग्य पदं कोणती, सोयी कोणत्या, निवड कशी होणार हे सगळं लिहायचं असते, आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा असते. ते धोरण वेबसाइटवर किंवा ऑफिसात ठळक जागी लावायचं असते. उद्या ऑफिसात गेल्यावर एचआरला विचारा, आपलं धोरण कुठे लावलं आहे. नसेल तर बनवायला मी आणि माझ्या ओळखीतली काही मंडळी बसून मदत करू, पैसे घेणार नाही. आणि आईबाबांनो, निकालानंतर फोन कराच, फक्त कॉलवर पोराला पण बसवा, मला आधी त्याच्याशी बोलायचं असते.