भज्यांना सूर्यफुलाचं तेल चालेल का?

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "शेंगदाणा तेल संपलंय, सूर्यफुलाचं चालेल का? भजी करायचीत." खाली उत्तरांचा पाऊस. कुणी लाकडी घाणा, कुणी ऑलिव्ह, एकजण तर म्हणे तळणच बंद करा. तिथे बोलले नाही, इथे बोलते.

चालेल हो! रिफाइंड तेल शेंगदाण्याचं असो, सूर्यफुलाचं की सोयाबीनचं, त्याचा वास-चव काढून टाकलेली असते आणि २२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत ते धुरत नाही. तळणाला १७० ते १८० पुरे.

गोची उलटी होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला नौपाड्यातून हौसेने घाण्याचं शेंगदाणा तेल आणलं, पाच लिटर, आणि त्यात चकल्या सोडल्या. फेस असा चढला की गॅस बंद करून मी दोन पावलं मागे! दुकानदाराची काही चूक नाही. घाण्याच्या तेलात दाण्याचा चिकट अंश आणि किंचित ओलावा राहतो, रिफाइंड करताना तो जातो. ते तेल भरल्या वांग्यांना वापरावं, नाहीतर भाकरीसोबत चटणीवर कच्चं घ्यावं. लसणीच्या चटणीवर रिफाइंड सोयाबीन घालून बघा, चटणी नुसती ओली होते.

माझं माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे कच्चं म्हणजे करडईच. फक्त बाटली लहान आणा, लवकर खवट होतं.

मोहरीचं तेल शेजारच्या बंगाली काकूंकडून शिकले. धूर येईपर्यंत तापवायचं, गॅस बारीक करायचा, मग मासे. त्याच तेलात मी वरणाला फोडणी दिली, तर लेकाने वाटी सरकवली.

तुपाऐवजी तेल? बेसनाच्या लाडवात नाहीच, तूप थिजतं म्हणून लाडू उभा राहतो. केकमध्ये मात्र वाटीभर लोण्याला पाऊण वाटी तेल पुरतं, कारण लोण्यात पाणीही असतं.

आणि पिशवीवरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला भुलू नका. वनस्पतीच्या तेलात ते मुळात नसतंच. मोठा चमचाभर तेलाच्या १२० कॅलरी, मग ते ऑलिव्ह असो वा पाम. वाचायचंच तर वजन वाचा: लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि हल्ली काही पिशव्या लिटरच्या वाटतात पण आत तेवढं नसतं.

तर भजीवाल्या ताई, घाला सूर्यफूल. उरलेलं गाळून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत भाजी-आमटीला संपवा, पुन्हा तळणाला घेऊ नका.