‘नियम सगळ्यांना सारखाच’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

व्हिएतनाम सोडून होड्यांतून फिलिपाइन्समध्ये आलेल्या आणि राष्ट्रविहीन, म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिक न मानल्या गेलेल्या, व्हिएतनामी निर्वासितांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिचा सारांश असा: हे लोक निर्वासित नसून पोटासाठी आलेले होते, फिलिपाइन्सने आसरा दिला, तेवढे पुरे होते, अमेरिकेने त्यांना घेऊन उपकारच केले, आणि ‘कागदपत्रे नसतील तर व्हिसा नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच आहे, मीही रांगेत उभा राहूनच व्हिसा घेतला’. शिवाय ‘परदेशी नोकरीच्या सावलीत बसून गळा काढणारे’ असा माझा उल्लेखही आपण केलात. मतभेद मला नवे नाहीत. परंतु ज्याने आपले नावही लिहिलेले नाही, त्याने दुसऱ्याच्या हेतूंविषयी इतक्या ठामपणे बोलावे, हे सभ्यतेला धरून नाही, एवढे मी आरंभीच नोंदवून ठेवतो.

फिलिपाइन्सला श्रेय दिले पाहिजे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये पलावान बेटावरच्या निर्वासितांच्या छावणीतून काही जणांना बळजबरीने विमानात बसवून व्हिएतनामला परत पाठवण्यात आले. परंतु त्यावर देशातूनच, विशेषतः कॅथलिक चर्चकडून, तीव्र विरोध झाला आणि राष्ट्राध्यक्ष रामोस यांच्या सरकारने ती सक्ती थांबवली. इतर देशांतल्या छावण्या रिकाम्या केल्या जात असताना येथे उरलेल्यांना राहू दिले गेले आणि प्वेर्तो प्रिन्सेसाजवळ ‘व्हिएत-व्हिल’ ही वसाहत उभी राहिली. आजही त्या शहरात पावाबरोबर चाओलाँग नावाच्या शेवया मिळतात, त्या या लोकांनीच तिथे रुजवल्या. पण राहू देणे आणि नागरिक म्हणून स्वीकारणे यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात ही माणसे वर्षानुवर्षे अडकली होती.

आता आपल्या ‘सारख्या नियमा’कडे येतो. आपण व्हिसासाठी जे कागद नेले असतील, त्यांतला प्रत्येक कागद आपल्याला एका सरकारने दिला होता. पासपोर्ट, जन्मदाखला, पोलिसांचे प्रमाणपत्र हे सगळे मागणाऱ्याच्या पाठीशी एक देश उभा आहे असे गृहीत धरूनच मागितले जाते. मी मनिलात नोकरीनिमित्त काही वर्षे राहिलो. माझ्या वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण कार्यालयातला माणूस करून आणत असे. पासपोर्ट परत हातात आला की मी तो कपाटात ठेवून देई. आमच्या गल्लीत त्याच काळात एक व्हिएतनामी बाई कापडाचे गाठोडे घेऊन हप्त्याने विक्री करायला येत. एकदा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला मुलाचा जन्मदाखला मला वाचायला दिला. मुलगा मनिलातच जन्मला होता. पण आईबापांच्या नागरिकत्वाच्या रकान्यात ‘व्हिएतनामी’ लिहिलेले होते. फिलिपाइन्समध्ये नागरिकत्व जन्मस्थानावरून नव्हे, तर आईबापांवरून मिळते. आणि ज्या देशाचे नाव तिथे होते, तो देश त्या कुटुंबाला पासपोर्ट द्यायला तयार नव्हता. सांगा, या मुलाने आपल्या रांगेत कोणता कागद घेऊन उभे राहायचे होते?

‘पोटासाठी आलेले’ हा शिक्काही याच ‘सारख्या’ नियमातून आला आहे. जून १९८९ मध्ये या निर्वासितांविषयी जिनिव्हात ठरलेल्या आंतरराष्ट्रीय योजनेनुसार एक तारीख नेमण्यात आली. त्याआधी आलेला माणूस आपोआप निर्वासित मानला गेला आणि नंतर आलेल्याला मायदेशातल्या छळाची भीती चौकशीत एकेकट्याने सिद्ध करावी लागली. फिलिपाइन्ससाठी ती तारीख मार्च १९८९ मधली होती. म्हणजे एकाच किनाऱ्यावरून, एकाच कारणासाठी निघालेल्या दोन होड्यांपैकी वारा पडल्यामुळे उशिरा पोहोचलेली होडी वेगळ्या न्यायाला पात्र ठरली. त्या चौकशीत लाच मागितल्याच्या तक्रारी त्याच काळात जाहीरपणे झाल्या होत्या. अशा चौकशीतला नकार पुढच्या प्रत्येक अर्जात पुरावा म्हणून वापरायचा आणि वर नियम सारखा आहे म्हणायचे, ही अन्यायाची साखळी आहे. तिला शिस्त म्हणणे मला मान्य नाही. पुनर्वसनाच्या, म्हणजे तिसऱ्या देशात कायमचे वसण्याच्या, व्हिसाचा निर्णय करताना अधिकाऱ्याने अर्जदाराचे म्हणणे नव्याने ऐकावे, चांगला दुभाषी द्यावा, नकाराचे कारण लेखी द्यावे आणि त्याविरुद्ध दाद मागू द्यावी, एवढेच मी लेखात मागितले होते. यात गळा काढण्यासारखे आपल्याला नेमके काय दिसले?

अमेरिकेच्या ‘उपकारां’विषयी थोडक्यात. त्रिन्ह होई या तरुण वकिलासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर सप्टेंबर २००५ पासून ही कुटुंबे अमेरिकेला जाऊ लागली आणि एकूण सोळाशेच्या आसपास माणसे तिथे वसली. त्याबद्दल मला आनंदच आहे. पण ज्यांनी फिलिपिनो व्यक्तीशी लग्न केले होते, त्यांचा प्रश्न सुटला असे मानून त्यांना बाजूला ठेवले गेले. वास्तविक फिलिपिनो स्त्रीशी लग्न केल्याने पुरुषाला तिथले नागरिकत्व आपोआप मिळत नाही. मागे राहिलेल्यांपैकी काहींना नंतर कॅनडाने घेतले. म्हणजे तोच माणूस, त्याच कागदांनिशी, एका देशाला अपात्र आणि दुसऱ्याला पात्र वाटला.

‘आधी आपल्या देशातल्यांचे बघा’ या आपल्या शेवटच्या वाक्याला मी उत्तर देणार नाही, कारण लेखाचा विषय तो नव्हता आणि कोणाविषयी लिहावे हे मी आपल्याला विचारून ठरवणार नाही. वर मांडलेल्यांपैकी कोणता मुद्दा आपल्याला चुकीचा वाटतो, ते आधारासह लिहिलेत तर मी अवश्य उत्तर देईन. माझ्या नोकरीविषयी पुन्हा काही लिहिलेत, तर ती प्रतिक्रिया येथे प्रकाशित होणार नाही.