‘गावाकडचा जुगाड’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जेनकिन्स (कोडपासून प्रोग्रॅम आपोआप तयार करून तपासणारा सर्व्हर) यावरचे बिल्ड, म्हणजे ती तयार करण्याची फेरी, एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची पद्धत) वाटेने गिटहबपर्यंत (कोड साठवण्याचे संकेतस्थळ) पोहोचत नसेल तर काय तपासावे, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : ‘होस्ट कीची तपासणी बंद करून पाहा, असे सांगणे म्हणजे गावाकडचा जुगाड. ती पुन्हा सुरू करा असेही लेखक सांगत नाहीत. टोकनबद्दल तर अवाक्षर नाही.’ (होस्ट की म्हणजे समोरचा सर्व्हर खरा तोच आहे हे पटवणारी त्याची किल्ली; टोकन म्हणजे पासवर्डऐवजी द्यायची गुप्त अक्षरे.)

मान्य करण्याजोगे आधी मान्य करतो. तपासणी पुन्हा सुरू करण्याचे वाक्य माझ्याकडून राहून गेले होते. गोष्ट किरकोळ आहे. काल रात्रीच ते जोडले.

‘गावाकडचा’ या शब्दाचे मात्र काय करायचे? मी औसा तालुक्यातला आहे आणि गेली अकरा वर्षे वाळूजच्या एका कारखान्यात बिल्डचा सर्व्हर सांभाळतो. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए प्रकारची होस्ट की बदलली, कारण तिचा खासगी भाग थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) उघडा पडला होता. त्या शुक्रवारी आमची सगळी बिल्डे लाल, म्हणजे नापास, झाली. गंमत अशी, की माझ्या लॉगिनवरून आमची रिपॉझिटरी विनातक्रार क्लोन होत होती (उतरवून घेता येत होती), कारण माझ्या नोन होस्ट्स फाइलीत, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरांच्या की जपणाऱ्या फाइलीत, ईडी२५५१९ प्रकारची की होती आणि ती बदललेली नव्हती. जेनकिन्स मात्र स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतो, स्वतःच्या होम डिरेक्टरीतली फाइल वाचतो, आणि तिथे जुनी आरएसए की बसलेली होती. साहेब मागे उभे असताना तपासणी कायमची बंद करून मोकळे होणे हे दोन मिनिटांचे काम होते. मी ते केले नाही. गिटहबने जाहीर केलेला नव्या कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) अक्षर-अक्षर ताडून पाहिला, जेनकिन्सच्या युजरने जुनी ओळ काढली आणि मगच नवी घातली. याला आपल्या शहरात जुगाड म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

लेखात तपासणी क्षणभर बंद करायला सांगितली, ती निदानासाठी. ती बंद केल्यावर ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ जाऊन ‘परमिशन डिनाइड’ आले, तर दुखणे आपण स्वतःची ओळख पटवायला वापरतो त्या कीचेही आहे आणि गिटहबवर जोडलेला तिचा जाहीर भाग, म्हणजे पब्लिक की, तपासायला हवी, एवढे त्यातून कळते. हे दोन परिच्छेद सोडून आपण थेट ‘जुगाड’वर उतरलात. प्रतिक्रिया रात्री पावणेदोनची दिसते. त्या वेळी आपलेच बिल्ड अडकले असेल, तर चिडचिड मी समजू शकतो.

राहिले टोकन. लेख एसएसएचचा आहे, हे शीर्षकातच लिहिले आहे. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) पासवर्ड चालवणे बंद केले आणि एसएसएचऐवजी एचटीटीपीएसने, म्हणजे वेबच्या पत्त्याने, जोडणाऱ्यांना टोकन लागू लागले, हे मलाही ठाऊक आहे. त्यावर लिहीन तेव्हा जरूर तुटून पडा, फक्त त्या वेळी लेख शेवटपर्यंत वाचा.