‘बालवाडीचे धडे’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

संगणक हाताला सोयीचा करून घेण्याच्या काही साध्या युक्त्या मी मागच्या लेखात दिल्या होत्या: विंडोज आणि व्ही या कळा दाबून आधी कॉपी केलेला मजकूर पुन्हा मिळवणे, स्टार्टअपमधले म्हणजे संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद करणे, आणि मराठी टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकणे. त्याखाली नाव न देता आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: ‘काय हे बालवाडीचे धडे! विंडोज आणि व्ही दाबून काहीच होत नाही. स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद करायला सांगणे धोक्याचे आहे. सरळ एसएसडी बसवा म्हणावे. आणि बोलून टाइप करता येण्याच्या काळात इनस्क्रिप्ट शिकायला लावणे म्हणजे लोकांचा वेळ फुकट घालवणे.’

मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु पहिल्याच वाक्यात आपण जो सूर लावला आहे तो मला मुळीच मान्य नाही. ‘बालवाडी’ हा शब्द मला लागला, हे मी लपवत नाही. मात्र माझा आक्षेप त्यापुढचा आहे. हे लेख निवृत्त शिक्षक वाचतात, दुकानाचा हिशेब स्वतः ठेवणारे वाचतात आणि मुले परगावी गेल्यामुळे घरचा संगणक एकट्याने सांभाळणाऱ्या गृहिणीही वाचतात. कॉपी केलेला मजकूर हरवू नये म्हणून काय करावे, हे विचारायला त्यांना आधीच संकोच वाटतो. आपल्यासारख्या जाणकाराने त्याला ‘बालवाडी’ म्हटले की ते पुन्हा विचारतच नाहीत. आपल्याला या गोष्टी ठाऊक असतील तर आनंद आहे, पण ज्यांना त्या ठाऊक नाहीत त्यांना हिणवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

एक गोष्ट आपली बरोबर आहे आणि ती मी मोकळेपणाने मान्य करतो. विंडोज आणि व्ही या कळा पहिल्यांदा दाबल्यावर क्लिपबोर्डचा इतिहास, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, आपोआप सुरू होत नाही. समोर येणाऱ्या चौकटीत ‘टर्न ऑन’ म्हणावे लागते, आणि हे वाक्य लेखात असायला हवे होते. त्यानंतर मात्र कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे दिसतात, आणि पत्ता किंवा पत्राचा मायना पिन करून ठेवला तर संगणक बंद करून सुरू केल्यावरही तो तिथेच राहतो. म्हणजे ‘काहीच होत नाही’ हे आपले विधानही पुरते खरे नाही. स्टार्टअपबद्दल एवढेच सांगतो की टास्क मॅनेजरमध्ये ‘डिसेबल’ केलेला प्रोग्रॅम काढून टाकला जात नाही, तो हवा तेव्हा उघडता येतो. यात धोका कसला हे आपण लिहिलेले नाही. एसएसडीचा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क बसवण्याचा सल्ला योग्यच आहे, पण तो खर्चाचा आहे आणि माझा लेख बिनखर्ची उपायांचा होता.

आता इनस्क्रिप्टकडे वळतो, कारण ‘वेळ फुकट’ हा आरोप मी सोडून देणार नाही.

मी पुष्कळ वर्षे डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवण्याचे काम केले आहे. त्या काळी प्रत्येक कार्यालयाचे सॉफ्टवेअर निराळे असे, त्याचे फॉन्ट निराळे आणि कळफलकाची मांडणीही निराळी. मी ज्या ठिकाणी कामाला होतो तिथे मालकांनी एका रात्रीत सॉफ्टवेअर बदलले आणि सकाळी आलेल्या चांगल्या, वेगवान ऑपरेटरांना ‘क’ कुठे आहे इथपासून सुरुवात करावी लागली. जुन्या फायली उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडलेला, कारण आत साठवलेले संकेतांक रोमन अक्षरांचे होते आणि मराठी रूप त्यांना केवळ त्या एका फॉन्टमुळे मिळत होते. हे सोसलेल्या माणसाला, आपली बोटे कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर ठेवू नयेत, हे पटवून द्यावे लागत नाही.

इनस्क्रिप्ट तशा मर्जीवर अवलंबून नाही. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने प्रसिद्ध केलेल्या आयएस १३१९४ या मानकात ही मांडणी आहे, आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर वेगळे काही विकत न घेता मिळते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी घातली की विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी-मराठी आलटून पालटून वापरता येते. स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हातांना आळीपाळीने काम मिळते. ‘के’च्या कळीवर ‘क’ आहे आणि शिफ्ट धरला की तिथेच ‘ख’ येतो. ‘आय’वर ‘ग’, त्याच्यावर ‘घ’. यात पाठांतर फारसे नाही, सराव आहे.

बोलून टाइप करण्याला माझा विरोध नाही. हात दुखत असतील, नजर कमी झाली असेल, तर ती सोय मोलाची आहे. पण चार माणसे बसलेल्या कार्यालयात गोपनीय पत्र मोठ्याने बोलून लिहायचे का? आडनावे, गावांची नावे, विरामचिन्हे यांची दुरुस्ती करत बसण्यात जो वेळ जातो तो आपण कोणत्या खात्यात धरता?

रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी साधनेही सोयीची आहेत, परंतु त्यांपैकी अनेक साधने शब्दाचा अंदाज बांधतात आणि तो आपल्या गळ्यात मारतात. मी आजही मुद्रितशोधन करतो. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ आणि ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झालेले सतत दिसते. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत असते. यंत्राने सुचवलेला शब्द घाईत स्वीकारला गेलेला असतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ‘ऱ’ उमटतो, ‘डी’ने त्याचा पाय मोडायचा आणि स्लॅशच्या कळीवरचा ‘य’ द्यायचा. ‘ऱ्य’ तयार होतो, दर वेळी, कुठल्याही संगणकावर, इंटरनेट असो वा नसो. ‘आचार्यांना’ लिहायचे आहे की ‘आचाऱ्यांना’, हे लिहिणाराच ठरवतो.

पहिले काही दिवस वेग कमी होतो, हे मी लेखातही लिहिले होते. ते वाक्य आपण वाचले नसावे, किंवा वाचून सोडून दिले असावे. ज्याला महिन्यातून एखादे पत्र लिहायचे आहे त्याने इनस्क्रिप्ट शिकू नये, असेही त्याच परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. माझा सल्ला रोज मराठीत लिहिणाऱ्यांसाठी होता: इतिवृत्ते लिहिणारे, बातम्या देणारे, प्रश्नपत्रिका तयार करणारे. त्यांच्यापैकी ज्यांनी मनावर घेऊन सराव केला आणि मग कंटाळून ही मांडणी सोडली, असा एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही. आपल्या पाहण्यात असेल तर त्याचा अनुभव जरूर लिहा, मी तो आदराने वाचेन.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि काढणारही नाही. विंडोज आणि व्हीच्या खाली ‘टर्न ऑन’चे वाक्य आजच घातले आहे. इनस्क्रिप्टचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहील.