आप्पांचं बोट फोनला कळतच नाही

मागच्या दिवाळीला आप्पांना नवा फोन घेऊन दिला, बारा हप्त्यावर. परभणीच्या दुकानातलं पोरगं अर्धा तास सांगत होतं, कर्व्ह डिस्प्ले, पाठीमागून पण काच, एकदम स्लिम. दिसायला लय भारी, खोटं कशाला बोलू. पण हातात धरला की साबणाच्या वडीवानी निसटतो, म्हणून वरून कव्हर घाला, मग ती काच कुणाला दिसायची?

जानेवारीत आमच्याकडं रात्रीची लाईट होती, आप्पा गव्हाला पाणी द्यायला गेले. मोटार चालू झाली का विचारायला मी आठ वेळा फोन लावला, रिंग जायची पण उचलायचं नाव नाही, जीव नुसता खालीवर, शेवटी गाडी काढली आन शेतात गेलो. आप्पा बांधावर उभे, हात चिखलानं भरलेले, धोतराला बोट पुसून पुसून ते हिरवं गोल वर सरकवायलेत आणि ते जागचं हलंना. मला बघून म्हणले, "बाबा, तू फोन करायलास हे दिसतंय रे, पण उचलू कसा?"

तेव्हापासून डोक्यात राग आहे. टच स्क्रीनला बोटातून होणारा विजेचा बारीक फरक कळतो, पाण्याचा थेंब पडला तर ती त्यालाच बोट समजते, आणि चाळीस वर्षं खुरपं धरून घट्टे पडलेलं कोरडं बोट तिला नीट कळतच नाही. फिंगरप्रिंटचं पण तेच, आप्पांच्या बोटावरच्या रेघाच झिजून गेल्यात. यात आप्पांची चूक काय? फोन बनवणाऱ्यानं असा हात कधी बघितलाच नाही.

रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात काय पेरलंय ते सरकारी ॲपवर स्वतः नोंदवायचं, ती पण त्याच फोनवर केली. भर दुपारी शेतात उभं राहून फोटो काढायचा, तर त्या चकचकीत काचेत हरभरा सोडून आपलंच तोंड दिसतं. मे मध्ये 42-43 डिग्रीत तर फोन इतका तापतो की स्वतःच उजेड कमी करून घेतो, म्हणजे गरज असते तेव्हाच अंधार.

नोकिया 1100 आठवतो का, 2003 चा? धूळ आत जाऊ नये म्हणून कीपॅड रबराचा, कडेला घट्ट पकड, एक बटण दाबून धरलं की टॉर्च, बॅटरी नखानं निघायची. जगात 25 कोटींच्या वर विकला, तो काय दिसायला देखणा होता म्हणून नाही. आताची बॅटरी बदलायची तर दुकानदार मागची काच गरम करून उचकटतो आणि आधीच सांगतो, फुटली तर माझी जबाबदारी नाही. युरोपात 2027 च्या फेब्रुवारीपासून, काही सवलती सोडल्या तर, बॅटरी ज्याची त्याला बदलता आली पाहिजे असा नियम लागू होतोय. आपल्याकडं 2022 च्या डिसेंबरात राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल निघालं, पण पोर्टलनं काच उघडत नाही ना.

आता आप्पांचं सिम परत बटणाच्या फोनमधी. काचेचा कपाटात, पाहणी पुरता बाहेर निघतो, आणि त्याचे पाच हप्ते अजून बाकी आहेत. फोन उचलायला खरंखुरं बटण असलेला, प्लास्टिकच्या पाठीचा, बॅटरी काढता येणारा स्मार्टफोन कुणाच्या पाहण्यात असंल तर खरंच सांगा, सोयाबीन विकलं की घेणार आहे.